कुपीचें बूच

औषधाची बंद कुपी हातीं आली म्हणजे आपलें लक्ष आंतील औषधाकडे जातें. बुचाकडे क्वचितच कोणी पाहतो. परंतु एका बुचापायीं एकोणीस माणसें दगावलीं व एका थोर शास्त्रज्ञाची कीर्ति मलिन झाली, असें एक प्रकरण घडलेलें आहे.

इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली तेव्हां वाल्देमार हाफकिन ह्यांनीं त्यावर लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढें त्यांची प्रयोगशाळा परळ येथें गेली व लशीच्या कुप्या दूरदूरच्या प्रांतीं जाऊं लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकवाल गांवीं १०७ जणांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं एकोणीस जणांस धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. हे सगळे एकाच कुपींतून टोचलेले होते. इतरांस कांहीं झालें नाहीं.

चौकशी आयोगानें दोष परळवर ठेविला व हाफकिनांस पद सोडावें लागलें. तथापि कुपी भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतु इतके दिवस आंत वाढले असते तर बूच काढतांच दुर्गंधि आली असती. तशी ती आली नव्हती. उलट, बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करितां वापरला गेला, हें उघडकीस आलें. मलेरियाविषयींच्या शोधानें प्रसिद्ध झालेले रोनाल्ड रॉस ह्यांनीं १९०७ त हा अन्याय वर्तमानपत्रांतून मांडला, व त्याच वर्षीं हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ पासून परळची ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

आतां कारण पाहूं. धनुर्वाताचे बीजाणु मातींत व शेणांत असतात. साध्या उकळण्यानें त्यांचा खात्रीनें नाश होत नाहीं. त्यास दाबाखालील १२१ अंशांची वाफ सुमारें पंधरा मिनिटें लागते. म्हणून रिकामी कुपी घरीं उकळून तींत टोचण्याचें औषध भरणें, किंवा एका कुपींतील उरलेलें दुसरींत ओतणें, हें कधींही करूं नये. पातेल्यांत पिचकारी उकळण्याची जुनी रीत ज्या पालकांनीं पाहिली आहे, त्यांना हें थोडें कठोर वाटेल. पण खरें आहे.

जरीपटक्यांतील ज्या घरीं मधुमेहासाठीं इन्शुलिन आहे, तेथें कुपीचें रबरी बूच काढूंच नये. वरचें टोपण एकदां निघालें कीं तें परत बसविण्याचें कारण नाहीं; खरें बूच रबराचें. दर वेळीं हात धुवून, स्पिरिटनें रबर पुसून, तें वाळूं द्यावें व नवीच सुई वापरावी. इन्शुलिनमध्यें फिनॉलसारखें रक्षक द्रव्य असतें (कार्बोलिक अम्ल तें हेंच!); पण त्याच्या भरंवशावर मळकी सुई घालूं नये. उघडल्याची तारीख कुपीवर लिहावी; बहुतेक इन्शुलिन त्यानंतर २८ दिवसच वापरतात. नागपूरच्या उन्हाळ्यांत कुपी शीतकपाटांत ठेवावी, मात्र बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. गोठलेलें इन्शुलिन निरुपयोगी होतें.