धडधडत्या हृदयाचे स्थिर चित्र

वसई रोड स्थानकाच्या फलाटावरून, न थांबता वेगाने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीचे छायाचित्र घेतले, तर फलाटावरील खांब व बाके स्पष्ट येतात. गाडी मात्र एक पुसट पट्टा होऊन उमटते. हा दोष भिंगाचा नव्हे. कॅमेऱ्याची झडप उघडी असलेल्या अल्प काळात गाडी पुढे सरकलेली असते, एवढेच. हृदयाच्या रोहिण्यांचे सीटी स्कॅन करताना हीच अडचण उभी राहते. मात्र तेथे पुसट चित्राचे मोल रुग्णाला मोजावे लागते.

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. उगमाजवळ त्यांचा व्यास सुमारे ३ ते ४ मिलिमीटर असतो व पुढे तो कमी होत जातो. सीटी तपासणीत हातातील नीलेवाटे आयोडीनयुक्त द्रव्य सोडून क्ष-किरणांच्या साहाय्याने या वाहिन्यांचे चित्र मिळविले जाते. मनगटातून वा जांघेतून हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाही, हा तिचा मोठा लाभ होय. तथापि चित्र हलले, तर निरोगी वाहिनीत अडथळा असल्याचा भास होतो, किंवा खरा अडथळा झाकला जातो. पहिल्या प्रकारात रुग्णास अनावश्यक नळी-तपासणीला सामोरे जावे लागते. दुसऱ्या प्रकारात रोग नजरेतून सुटतो.

मेंदूपासून हृदयापर्यंत

ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, ती मेंदूची. या शोधाबद्दल १९७९ मध्ये त्यांना व ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यंत्रास एका छेदासाठी काही मिनिटे लागत. मेंदू निश्चल असल्याने ते चालून गेले. हृदयास हा न्याय लागू पडत नाही.

समजा, यंत्रातील क्ष-किरण नलिका रुग्णाभोवतीची फेरी ०.३५ सेकंदात पूर्ण करते. एका चित्रास साधारण अर्ध्या फेरीची माहिती पुरते. म्हणजे ‘झडप’ सुमारे ०.१७५ सेकंद उघडी राहते. तेवढ्या वेळात एखादी रोहिणी सेकंदाला २० मिलिमीटर या वेगाने हलली, तर ती साडेतीन मिलिमीटर सरकते. हे अंतर तिच्या स्वतःच्या व्यासाइतके झाले! उजवी हृद्‌रोहिणी विशेष वेगाने हलते, म्हणून धूसरपणा तेथे अधिक आढळतो. दोन नलिकांची यंत्रे २००५ च्या सुमारास आली व हा काळ निम्म्यावर आला. पण अडचण समूळ गेली नाही.

विसाव्याचा क्षण

दर दोन ठोक्यांमध्ये हृदय क्षणभर विसावते. हृदयाच्या विद्युत् आलेखावरून तो क्षण हेरून चित्र घेतले जाते. मिनिटाला ६० ठोके असताना एका ठोक्यास १ सेकंद मिळतो. १०० ठोके झाले की ०.६ सेकंदच उरतो, आणि त्यात विसाव्याचाच वाटा अधिक घटतो. यास्तव ठोके साठीच्या आसपास असावेत, असा प्रयत्न असतो. त्यासाठी डॉक्टर गरजेनुसार ठोके मंदावणारे औषध देतात. दमा असलेल्यांनी ते आधी सांगणे अगत्याचे आहे. मूत्रपिंडाचे विकार, ॲलर्जी, गर्भधारणा व चालू औषधे यांचीही माहिती द्यावी.

अनेक यंत्रे संपूर्ण हृदय एका ठोक्यात टिपत नाहीत. चार-पाच ठोक्यांतील तुकडे जोडावे लागतात. मध्येच श्वास सुटला किंवा ठोका अनियमित पडला, तर तुकडे जुळत नाहीत व अखंड रोहिणी पायरी-पायरीने तुटलेली दिसते. रोहिणीतील चुन्याचे साठेही प्रत्यक्षाहून मोठे भासतात.

रुग्णाचा वाटा

विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आहे. तपासणीसाठी मुंबईस निघालेला रुग्ण गर्दीच्या लोकलमधून उतरून, पुलाचे जिने चढून, वाटेत चहा घेऊन धापा टाकीत पोहोचला, तर उत्तम यंत्रही हतबल ठरते. म्हणून शक्यतो गर्दी टाळून, तासभर आधी पोहोचून स्वस्थ बसावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या अवधीत चहा, कॉफी व धूम्रपान वर्ज्य करावे. दहा-पंधरा सेकंद श्वास रोखण्याचा सराव घरीच करावा. श्वास फार खोल न घेता दर वेळी सारखाच घ्यावा. नेहमीची औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

ही तपासणी स्थिर प्रकृतीच्या रुग्णांसाठी आहे. छातीत दडपण, घाम व श्वास लागणे अशी लक्षणे अचानक उद्भवल्यास स्कॅनची वेळ ठरविण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एरवी, स्पष्ट चित्र हे यंत्र, तंत्रज्ञ आणि रुग्ण या तिघांचे संयुक्त कार्य होय. त्यातील शांत हृदय व रोखलेला श्वास हा वाटा रुग्णाचा आहे.