दंगल आणि मोहल्ला : विचारायचे कोणाला?

(द्वितीय वर्ष, कला)

शहरात दंगल झाली की पुढारी शांततेचे आवाहन करतात, पदयात्रा काढतात, मदतनिधी गोळा करतात. ही कामे आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु समाजातील जाणत्या माणसांनी कोणते काम सर्वांत आधी हाती घ्यावे? या प्रश्नाचा विचार भिवंडीच्या उदाहरणावरून करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. भिवंडी निवडण्याचे कारण साधे आहे. मी तेथेच वाढलो. आजोबा मागावर काम करीत, वडीलही करतात. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. सूत एकाचे, माग दुसऱ्याचे आणि मागापुढे उभा राहणारा तिसराच. या धंद्यात हिंदू व मुसलमान दोघेही आहेत. पोटाने बांधलेली माणसे एकमेकांवर उठत नाहीत, असे आपण सामान्यतः मानतो. भिवंडीचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल पेटली. तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी केली. मे १९८४ मध्ये आग पुन्हा भडकली व ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. त्या वेळी अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. धंदा तर दोन्ही वेळा एकत्रच चालू होता!

चौऱ्याऐंशी सालची एक आठवण माझी आजी सांगते. पलीकडच्या मोहल्ल्यातून जमाव निघाला आहे, अशी बातमी रात्री आमच्या आळीत आली. पुरुषमंडळी काठ्या घेऊन पहाटेपर्यंत उभी राहिली. कोणीच आले नाही. पुढे संचारबंदी उठल्यावर समजले की, आमच्याकडून जमाव येतो आहे असे ऐकून पलीकडची माणसेही त्याच रात्री जागी होती. “मग कोणी विचारायला का नाही गेलं?” असे मी आजीला विचारले. ती म्हणाली, “विचारायचं कोणाला रे? मागावर सगळे ओळखीचे, पण त्यातल्या एकाचं तरी घर कुठं ठाऊक होतं?”

माझ्या मते आजीच्या या उत्तरातच प्रश्नाचे मर्म आहे. १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या ही काही नवी गोष्ट नव्हती. पण त्या सण जवळ आला किंवा दगड पडू लागले म्हणजे बोलावल्या जात, आणि त्यांत बहुधा नावाजलेली मंडळी असत. मोहल्ला समितीत वस्तीतली साधी माणसे, दोन्ही समाजांची, तेथल्या पोलिसांबरोबर एरवीही नियमाने बसत. विषय किरकोळ असत : गल्लीतली भांडणे, शेजाऱ्यांच्या तक्रारी. परंतु अशा किरकोळ भांडणांनाच एखाद्या दिवशी धर्माचे नाव मिळते. शिवाय ती मिटवता मिटवता माणसांना एकमेकांची घरे कळतात.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर व जानेवारीत मुंबईत झालेल्या दंगलींत ९०० माणसे मारली गेली, असे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. दोनदा जळलेली भिवंडी या खेपेस शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले.

यावरून कामांचा क्रम असा लावता येईल. आधी ओळख, ती शांततेच्या दिवसांतच होते. मग अफवेची शहानिशा. ओळखीवाचून ती शक्य नाही. त्यानंतर आपल्याच माणसांना आवरणे. हे सर्वांत अवघड, कारण त्यात पुढाऱ्याची लोकप्रियता पणाला लागते. दुसऱ्या समाजाला उपदेश करणे त्या मानाने सोपे असते. मदतनिधी गोळा करण्याची पाळी या सर्वांनंतर येते, आणि आधीची कामे नीट झाली तर ती येतही नाही.

तथापि समिती एकदा नेमली की काम संपले, असे नाही. अधिकारी बदलतात, सभासद थकतात. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत हिंसाचार झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन पोलीस शिपाई जमावाकडून मारले गेले. या वेळी झगडा दोन समाजांत नव्हता, लोक आणि पोलीस यांच्यात होता. म्हणजे ज्या ओळखीवर मोहल्ला समिती उभी राहते, तीच कोठेतरी विरली होती.

आता अफवा मोबाईलवरून येते. गेल्या वर्षी एका रात्री आमच्या आळीतल्या मुलांना असाच संदेश आला. मी पलीकडच्या मोहल्ल्यातल्या माझ्या वर्गमित्राला फोन केला. तो म्हणाला, “काही नाही रे, जेवायला बसलोय.” मुले घरी गेली. आजीला जे माणूस मिळाले नव्हते, ते मला कॉलेजमुळे मिळाले. पण तेथे जमलेल्या दहा-बारा मुलांपैकी एकाच्याही मोबाईलमध्ये पलीकडचा नंबर नव्हता, आणि त्यातली बहुतेक मुले कॉलेजात येणार नाहीत. त्यांची ओळख कोण करून देणार? आमच्या पुढाऱ्यांनी आपले काम येथून सुरू करावे, एवढेच माझे सांगणे आहे.