व्हॉल्व्हच्या प्रीअॅम्प्लिफायरविषयी चिरंजीवास पत्र

जव्हार

चि. बाळ यास,

मोखाड्यास बदलीवर रुजू झाल्यावर आजोबांच्या तबकड्यांची पेटी तू आवर्जून नेलीस, आणि आता त्या ऐकण्यासाठी फोनो स्टेज अंगचीच असलेला व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प्लिफायर घेण्याचे योजीत आहेस, हे वाचून मनस्वी संतोष झाला. व्हॉल्व्ह कोणत्या देशचे घ्यावेत याची चौकशी तू विस्ताराने केली आहेस. पण माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटचा. आधी यंत्राच्या निःशब्दतेची खातरजमा करावी, माधुर्याची परीक्षा त्यानंतर.

याचे कारण तबकडीच्या घडणीतच आहे. ती कोरताना खर्जाकडील स्वर दाबलेले आणि वरचे स्वर उचललेले असतात, व ते पूर्ववत करण्याचे काम फोनो स्टेजकडे येते. १९५४ साली रूढ झालेल्या आर.आय.ए.ए. प्रमाणानुसार ५० हर्ट्झच्या ध्वनीस १००० हर्ट्झच्या मानाने सुमारे १७ डेसिबल, म्हणजे जवळजवळ सातपट, अधिक उचलावे लागते. सुई ज्यात बसविलेली असते त्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येणारा विद्युत्प्रवाहाचा दाब अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास. तो शंभरपट वाढविताना आत शिरलेली विजेची गुणगुणही त्याच न्यायाने वाढते. आपली वीज ५० हर्ट्झची, ती एकदिश केल्यावर उरणारी थरथर १०० हर्ट्झची. आणि काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्यातील पंचमाची तार बोलते ती सुमारे १०४ हर्ट्झवर. तेव्हा सदोष यंत्राची गुणगुण नेमकी त्या पंचमाला खेटून, किंचित उतरलेली अशी बसते, आणि दोहोंच्या संघर्षातून सेकंदाला चार हेलकावे उठून सबंध मैफलीचा आधारस्वरच डळमळू लागतो. तारप्याचा अखंड सूर लहानपणापासून ऐकलेल्या तुझ्या कानाला हा दोष ओळखणे कठीण जाऊ नये.

म्हणून दुकानी गेलास की कार्ट्रिज जोडून ठेवावे, तबकडी मात्र लावू नये, आणि नेहमी ऐकतोस तितका आवाज ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. बारीक सळसळ क्षम्य आहे, गुणगुण नाही. मग प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या टोकाने अलगद टिचकी मारून पाहावी. कर्ण्यातून घंटेसारखा ठणठणाट उठला तर तो व्हॉल्व्ह फोनो स्टेजच्या कामाचा नाही. ही परीक्षा करू देण्यास दुकानदार नाखूष दिसला, तर तेथून नमस्कार करून निघावे.

दुसरी बाब आपल्या मुलखाची. मोखाड्याला पावसाळ्यात वीज कशी येते-जाते हे तू आता अनुभवीतच आहेस. व्हॉल्व्हच्या तंतूला ६.३ किंवा १२.६ व्होल्ट नेमके लागतात, दहा टक्क्यांहून अधिक चढउतार त्यास मानवत नाही. करिता चांगल्या स्टॅबिलायझरची व खऱ्याखुऱ्या अर्थिंगची तजवीज यंत्र घरी येण्यापूर्वीच करावी. अमेरिकेहून कोणी स्वस्तात आणून देत असेल तर मोहात पडू नये: ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बांधलेले असते, आणि आपल्याकडे २३० व्होल्ट. चातुर्मासात यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. आठवड्यातून तासभर चालविल्यास त्याच्या उष्णतेने दमट हवेचा उपद्रव कमी होतो. मात्र झाकण स्वतः कधी उघडू नकोस. आत अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो. या एका बाबतीत मी तुला काडीचीही मुभा देत नाही.

आता व्हॉल्व्हविषयी. ज्यात ईसीसी ८३, म्हणजेच १२एएक्स७, आहे असे यंत्र निवडावे. तो रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथे आजही तयार होतो, आणि मुंबईस लॅमिंग्टन रोडवर शोध घेता येतो. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही व्हॉल्व्ह बनविले. एखाद्या वृद्ध रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे त्यांपैकी न वापरलेले निघाले तर जरूर घ्यावेत. दुर्मीळ व्हॉल्व्हवर अवलंबून असलेले यंत्र कितीही गोड वाजो, ते मोखाड्यासारख्या ठिकाणी नेऊ नये.

पेटीतील बहुतेक तबकड्या ७८ फेऱ्यांच्या आहेत, हे विसरू नकोस. त्या काळी स्वर दाबण्या-उचलण्याचे प्रत्येक कंपनीचे प्रमाण निराळे असे, सबब खर्ज व तार यांचे संतुलन बदलता येईल असे यंत्र मिळाल्यास चार पैसे अधिक मोजावेत. मोनोचे बटण तर हवेच, कारण खाचेतील उभ्या हालचालीची खरखर त्याने बरीच गळून जाते. सुईही निराळी लागते, सुमारे ३ मिलची. लाँगप्लेची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. आणि पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढलीच, तर ती स्पिरिटने पुसू नकोस. त्या लाखेच्या आहेत, स्पिरिटात लाख विरघळते. शुद्ध पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले मऊ फडके पुरे. कागदी लेबलास पाणी लागू देऊ नये.

यंत्राचे माहितीपत्रक हाती आले की पैसे देण्यापूर्वी मजकडे पाठवावे. वहिनींस नमस्कार सांगावा.

तुझा,
काका