फोर्डची 'टी' गाडी आणि तिचे मालक

मोटारीच्या इतिहासात कारखानदाराचे नाव ठळक असते. गाडी हाकणाऱ्याला मात्र कोणी विचारीत नाही. हेन्री फोर्डने १९०३ साली अमेरिकेत डेट्रॉईट येथे कंपनी काढली व १९०८ मध्ये 'मॉडेल टी' बाजारात आणली. किंमत सुमारे ८५० डॉलर. १९१३ पासून सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, सांगाडा जोडण्याचे साडेबारा तासांचे काम दीड तासावर आले आणि १९२५ मध्ये सर्वांत साधी गाडी २६० डॉलरला मिळू लागली.

आता मालकाचा अनुभव पाहा. पुढचा दांडा हाताने फिरवून इंजिन चालू करावे लागे; त्याने उलटा झटका दिला तर मनगटच मोडायचे. पेट्रोलची टाकी बैठकीखाली. तिथून पेट्रोल इंजिनाकडे केवळ उताराने वाहत असल्यामुळे, टाकी भरत आली नसेल तर उभ्या चढावर ते पोहोचेना. मग चालक गाडी वळवून मागच्या मागे चढवीत! तरीही शेतकऱ्याचा तिच्यावर जीव होता. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवला की हीच गाडी लाकडे कापायची करवत चालवी. बिघाड झाला तर पाना आणि तार घेऊन तो स्वतःच बसे.

या प्रेमाचा फोर्डने चुकीचा अर्थ लावला, असे मला वाटते. गिऱ्हाईक कायमचे आपले, असे धरून त्याने गाडी फारशी बदललीच नाही. १९१४ ते १९२५ रंगही काळाच. तोवर रस्ते सुधारले, हप्त्यांवर शेव्हरोले मिळू लागली आणि मालक तिकडे वळले. मे १९२७ मध्ये दीड कोटी गाड्यांनंतर 'टी' बंद झाली. नवी 'मॉडेल ए' डिसेंबरात आली. मधले महिने हजारो कामगार घरी बसून होते.