वृद्धांसाठी फ्ल्यूची लस : कोणती व केव्हा?

माणगाव परिसरात पाऊस लागला की घरोघरी ताप-खोकला सुरू होतो. तरुण माणूस चार-आठ दिवसांत उठतो. परंतु पासष्टी ओलांडलेल्या, त्यातही कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या, मूत्रपिंड बदललेल्या वा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तीचा फ्ल्यू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो.

ताम्हिणी घाटापलीकडे पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला बळी घेतला. २०१० साली तेथील सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस आणली. सुई नसल्याने अशी लस सोयीची वाटते. पण तिच्यात क्षीण केलेले, तरी जिवंत विषाणू असतात. म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ती घेऊ नये. त्यांनी मृत विषाणूंची, टोचून देण्याची लसच घ्यावी. तिच्यामुळे फ्ल्यू होत नाही.

वृद्धांसाठी जास्त मात्रेची लसही निघाली आहे. साध्या लसीत प्रत्येक प्रकारच्या विषाणूचे प्रतिजन १५ मायक्रोग्रॅम, तर हिच्यात ६० असते. ती मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास साधी घ्यावी, वाट पाहत बसू नये.

विषाणू बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून मे महिन्यातच टोचून घ्यावी. केमोथेरपी चालू असल्यास दिवस डॉक्टरांनी ठरवावा.

दुर्बल शरीरात लसीचा परिणाम कमी होतो. तेव्हा आजी-आजोबांसोबत घरातल्या इतरांनीही लस घ्यावी. घरात फ्ल्यू शिरलाच नाही, तर तो त्यांच्या अंथरुणापर्यंत पोहोचणार कसा?