कूलर दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : आमचा पत्र्याचा कूलर जुना झाला आहे. पंखा जोरात फिरतो, पण हवा गरमच येते. नवा घ्यावा की एसी बसवावा?
– एक वाचक, गेवराई

उत्तर : पंखा चांगला असेल तर घाई करू नका. आधी तिन्ही बाजूंचे गवत पाहा. बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरे क्षार चढतात, पन्हाळीची भोकेही बुजतात. मग गवत कोरडे राहते आणि हवा थंड होत नाही. भोके तारेने मोकळी करा, गवत बदला. पंप पाणी चढवत नसेल तर नवा काही शे रुपयांत मिळतो. कूलर खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमट होते.

टाकीचा पत्रा कुजला किंवा मोटार पुन्हापुन्हा जळत असेल, तरच नवा घ्या. बीडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर पुरतो. तो साधारण दोनशे वॅट घेतो, तर दीड टनी एसी दीड हजाराच्या आसपास. पाऊस सुरू झाल्यावर मात्र कूलरचा उपयोग कमी होतो.

पाणी भरताना प्लग काढाच आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लोखंडी कूलरचा शॉक जिवावर बेततो.