नादाराची मालमत्ता आणि रिसीव्हरचा हिशेब

निपाणीच्या तंबाखूपेठेतील एखादा व्यापारी नादार ठरल्यास, प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० अन्वये त्याची मालमत्ता न्यायालयाच्या वा रिसीव्हरच्या स्वाधीन होते. मग रिसीव्हरवर देखरेख कोणाची, हा प्रश्न उधारीवर माल दिलेल्या शेतकऱ्यास साहजिकच पडतो. रिसीव्हरची नेमणूक शासनाने केलेली असली, तरी त्याच्या कृतीची तपासणी न्यायालयच करते. त्याने हिशेब सादर न केल्यास, अथवा हेतुपुरस्सर कसूर वा घोर निष्काळजीपणामुळे मालमत्तेचे नुकसान केल्यास, न्यायालय त्याचीच मालमत्ता जप्त करवून भरपाई वसूल करू शकते. त्याच्या निर्णयाने व्यथित झालेल्या धनकोस २१ दिवसांच्या आत अर्ज करता येतो; खेड्यातील धनकोस ही मुदत तोकडीच म्हणावी लागेल. १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांना २०१६ ची नवी संहिता लागू झाली. इतर व्यक्तींसाठी जुनाच अधिनियम राहिला.